ब्रॉडबँड बदललं आणि घरातला सिग्नल बूस्टर रुसला? या चुका टाळा

नवीन ब्रॉडबँड लागलं, स्पीड टेस्ट झकास आली, टीव्ही चालू, लॅपटॉप चालू, आणि मग लक्षात येतं की घरात मोबाइलला रेंजच नाहीये, कॉल लागतो न लागतो तोच कट. कोपऱ्यातला बूस्टर लाल नाहीतर नारिंगी लाइट लुकलुकवत बसलेला. मोबाइल कंपनी म्हणते ब्रॉडबँडवाल्यांना विचारा, ब्रॉडबँडवाले म्हणतात नेट चालतंय ना, मग आमच्याकडून सगळं ओके. गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात, आणि बूस्टरसुद्धा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बदललाय तो फक्त बूस्टरपासून मोबाइल कंपनीपर्यंतचा रस्ता, त्यामुळे शोधायचं ते रस्त्यात, डब्यात नाही. लोक नेमकं उलटं करतात.

कुठला बूस्टर आहे हेच न बघणं

बूस्टर ह्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक फेमटोसेल, म्हणजे राउटरला केबलने जोडलेला छोटा डबा, तो घरातच एक छोटा टॉवर उभा करतो आणि तुमचे कॉल ब्रॉडबँडवरून मोबाइल कंपनीकडे पाठवतो. दुसरा रिपीटर, ज्याचा अँटेना बाहेर गच्चीवर किंवा खिडकीशी असतो आणि आत अँप्लिफायर. रिपीटरचा आणि ब्रॉडबँडचा काडीचाही संबंध नाही. तो नवीन कनेक्शन लागल्यादिवशीच बंद पडला असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये डोकं घालू नका, केबल टाकायला आलेल्या माणसाने अँटेना सरकवला का, प्लग काढला का, वायर दाबली गेली का ते बघा. बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांच्या जवळ आले की आतला सिग्नल बाहेरचा पकडतो आणि गोल गोल फिरत राहतो, मग चांगली मशीन स्वतःच पॉवर कमी करते किंवा बंदच होते. (वाय-फाय एक्स्टेंडरलाही काहीजण बूस्टर म्हणतात, त्याने मोबाइलची रेंज वाढत नाही, विषय संपला.)

इथून पुढचं सगळं फेमटोसेलबद्दल.

आणि हो, डबा जुना असेल तर तो थ्रीजीवाला आहे का ते आधी तपासा. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि व्हेरायझनने २०२२ च्या अखेरीस थ्रीजी बंद केलं, इतर बऱ्याच देशांतही ते बंद झालंय किंवा होतंय. तुमच्या कंपनीने थ्रीजी गुंडाळलं असेल तर थ्रीजीवर चालणारा फेमटोसेल कुठल्याच ब्रॉडबँडवर उठणार नाही आणि दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या की शिव्या नवीन ब्रॉडबँडला बसतात.

पहिल्या मिनिटाला फॅक्टरी रिसेट

ही सगळ्यात कॉमन चूक. रिसेट मारला की डबा अगदी पहिल्यापासून सुरुवात करतो, म्हणजे मोबाइल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत सुरक्षित बोगदा बांधायचा, सेटिंग आणि लागलं तर नवीन सॉफ्टवेअर उतरवायचं, आपण कुठे आहोत ते सांगायचं, आणि घड्याळ जुळवायचं. हे घड्याळाचं प्रकरण वाटतं तितकं साधं नाही. घरातल्या ह्या छोट्या टॉवरला फ्रिक्वेन्सी ०.२५ पीपीएमच्या आत ठेवावी लागते, म्हणजे चाळीस लाखांत एकापेक्षा जास्त चूक चालत नाही, आणि तेवढी अचूकता बरेच डबे इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारून मिळवतात, काही जीपीएसवरून घेतात. ह्याला तास लागू शकतात, पहिल्या वेळी काही कंपन्या २४ तासांपर्यंत थांबायला सांगतात. आपण मात्र पंधरा मिनिटांत वैतागून प्लग काढतो, परत लावतो, आणि त्याची सगळी मेहनत शून्यावर.

लाइट लुकलुकतोय म्हणजे तो काहीतरी करतोय. राउटर आधी चालू करा, नेट आलंय ह्याची खात्री करा, मग बूस्टर लावा आणि रात्रभर हात लावू नका. जीपीएसवाला डबा असेल तर त्याला खिडकीजवळ ठेवा, नवीन राउटर आतल्या खोलीत गेला म्हणून त्याच्यासोबत बूस्टरही आत नेला आणि जीपीएस लागेना, असं फार होतं.

केबल भलत्याच पोर्टमध्ये

फायबरच्या नवीन डब्यांना मागे तीन-चार सारखीच दिसणारी पोर्ट असतात पण प्रत्येकात नेट असतंच असं नाही. एखादं टीव्ही बॉक्ससाठी राखून ठेवलेलं, एखादं कंपनीने बंदच ठेवलेलं, फोनचं पोर्ट वेगळं. बूस्टरची केबल काढून तीच लॅपटॉपला लावा, वाय-फाय बंद करा आणि नेट येतंय का बघा. दोन मिनिटांचं काम आहे पण हे न करता लोक पुढच्या सगळ्या भानगडीत शिरतात.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या मागे लागणं

आता मुख्य मुद्दा. फेमटोसेल मोबाइल कंपनीशी बोलतो तो आयपीसेक नावाच्या एनक्रिप्टेड बोगद्यातून. त्यासाठी त्याला यूडीपी ५०० आणि ४५०० ही दोन दारं (केबलची नाही, तर सॉफ्टवेअरमधली नंबर दिलेली पोर्ट) लागतात, शिवाय वेळेसाठी यूडीपी १२३ आणि नावं शोधायला डीएनएसचं ५३. सल्ले देणारे सांगतात की राउटरमध्ये ही पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून ह्या नंबरांवर येणारं सगळं बूस्टरकडे वळवा, नाहीतर बूस्टर डीएमझेडमध्ये, म्हणजे राउटरच्या फायरवॉलबाहेर टाका. पण हा बोगदा आतून बाहेर खोदला जातो, सुरुवात बूस्टर करतो, बाहेरून कोणी तुमचं दार ठोठावत नाही. त्यामुळे बाहेर जायलाच अडथळा असेल तर फॉरवर्डिंगने काहीही फरक पडत नाही. बरेच नवीन प्रोव्हायडर एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा पत्ता) अनेक घरांत वाटतात, ह्याला सीजीनॅट म्हणतात, राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला प्रोव्हायडरकडून मिळालेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसला की समजा तुम्ही त्यात आहात. तिथे तर फॉरवर्डिंगचा प्रश्नच येत नाही कारण पब्लिक आयपी तुमच्या राउटरकडे नाहीच. पण घाबरू नका, सीजीनॅटमागूनही ४५०० वरून बोगदा साधारणपणे नीट बांधला जातो.

मग अडतं कुठे? राउटरच्या फायरवॉलची लेव्हल हाय करून ठेवलेली असते, किंवा प्रोव्हायडरचं ते सिक्युरिटी शील्ड, पॅरेंटल कंट्रोल टाइप फीचर न विचारता चालू असतं आणि व्हीपीएनसारखं दिसणारं सगळं अडवतं. ते तात्पुरतं बंद करून बघा. आयपीसेक पासथ्रू (राउटरने असे बोगदे कसे जाऊ द्यायचे त्याची सेटिंग) असा पर्याय दिसला तर तो आहे त्याच्या उलट करून बघा, असं लिहिताना विचित्र वाटतंय पण काही राउटरवर तो चालू असल्याने फायदा होतो आणि काहींवर तोच घोळ घालतो. राउटरवरच व्हीपीएन लावलेलं असेल तर बूस्टर त्यातून जाऊ देऊ नका, त्याचं लोकेशन भलतीकडे दिसतं.

ह्या सगळ्यात एक टेस्ट फार कामाची आहे आणि फुकट आहे. तुमच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगची सोय असेल तर एअरप्लेन मोड लावा, फक्त वाय-फाय चालू करा आणि एक कॉल करा. वाय-फाय कॉलिंगसुद्धा तसाच आयपीसेक बोगदा ५०० आणि ४५०० वरून बांधतं. कॉल लागला तर तुमची लाइन ही दारं अडवत नाहीये, मग संशय घड्याळावर, रजिस्ट्रेशनवर किंवा खुद्द डब्यावर. आणि तो पण लागला नाही, जुन्या लाइनवर मात्र लागत होता, तर अडथळा नवीन राउटरमध्ये किंवा प्रोव्हायडरकडे आहे, बूस्टरला दोष देणं बंद करा. अजून पक्कं करायचं तर बूस्टर उचलून दुसऱ्या कोणाच्या लाइनवर लावून बघता येतो, पण त्याला पुन्हा वेळ द्यावा लागतो आणि काही डबे जागा बदलली की चालतच नाहीत, म्हणून मी वाय-फाय कॉलची टेस्ट आधी म्हणेन.

जुना राउटर नवीनच्या मागे लटकवून ठेवणं

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलायला नको म्हणून जुना राउटर नवीन डब्याच्या मागे जोडून टाकतात. म्हणजे दोनदा नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणं) झालं, आणि दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर कोण कुठे पाठवतंय ह्याचा पत्ता कोणालाच नाही. जुना ठेवायचाच असेल तर त्याला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल, आणि बूस्टर थेट नवीन डब्याला जोडा.

एमटीयूकडे कोणी बघतच नाही

नेट पळतंय, वाय-फाय कॉलही लागतोय, तरी बूस्टर एका ठरावीक पायरीवर येऊन अडकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, असं असेल तर पाकिटाचा साइज बघा. नेटवर डेटा पाकिटांत जातो, आणि एक पाकीट जास्तीत जास्त केवढं असू शकतं तो आकडा म्हणजे एमटीयू. साध्या इथरनेटवर पाकीट १५०० बाइटचं, पीपीपीओई लाइनवर (जिथे राउटर युजरनेम-पासवर्डने लॉगिन करतो) ८ बाइट त्यात जातात म्हणून १४९२, आणि जिथे आयपीव्ही-४ (पत्त्यांची जुनी पद्धत) हे आयपीव्ही-६ (नवी पद्धत) च्या पोटातून पाठवतात तिथे अजून कमी. बोगदा बांधताना सर्टिफिकेटची देवाणघेवाण होते, ती पाकिटं मोठी असतात, त्यांचे तुकडे होतात, आणि काही राउटरची फायरवॉल तुकडे आले की सरळ फेकून देते. वेब ब्राउझिंगला हे जाणवतच नाही म्हणून सगळे म्हणतात नेट तर मस्त आहे. राउटरमध्ये फ्रॅगमेंटेड पॅकेट ब्लॉक करा असा काही टिक असेल तर काढा. वॅनचा एमटीयू लाइनच्या प्रकाराप्रमाणे आहे का बघा, पीपीपीओईवर कोणी हाताने १५०० टाकून ठेवला असेल तर १४९२ करा. लॅपटॉपवरून तपासायचं तर पिंगमध्ये तुकडे न करण्याचा पर्याय लावून आकडा १४६४ द्या, त्यात २८ बाइटचं हेडर मिळवलं की १४९२ होतात. उत्तर आलं तर तेवढा रस्ता मोकळा आहे, नाही आलं तर आकडा कमी करत जा, जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू.

नवीन लाइन मोबाइल कंपनीला न कळवणं

बरीच मोबाइल नेटवर्क बूस्टर कुठल्या पत्त्यावर आहे ह्याची नोंद ठेवतात, कारण त्यावरून इमर्जन्सी कॉल गेला तर ठिकाण कळलं पाहिजे, आणि आपल्या परवान्याच्या हद्दीबाहेर त्यांना सिग्नल सोडता येत नाही. काही जण ह्यासाठी पब्लिक आयपी पण बघतात. प्रोव्हायडर बदलला की आयपी बदलतो, आणि नवीन आयपी कधी कधी नकाशावर दुसऱ्याच शहरात दिसतो. घर तेच, डबा तोच, पण सिस्टिमला वाटतं हा हलवला. अकाउंटमध्ये जाऊन पत्ता पुन्हा सेव्ह करा किंवा कस्टमर केअरला डबा पुन्हा रजिस्टर करायला सांगा. परवानगी दिलेल्या नंबरांची यादी पण तिथेच बघून घ्या, कधी कधी बूस्टर व्यवस्थित चालू असतो, फक्त तुमचा नंबर यादीतून उडालेला असतो.

स्पीड टेस्टवर विसंबणं

बूस्टर चालू झाला, पण समोरच्याला तुमचा आवाज तुटक जातो. लाइन ३०० एमबीपीएसची असली तरी हे होतं. मोबाइल कॉलचा आवाज स्वतः १२.२ केबीपीएससारख्या चिमुकल्या रेटने जातो, बोगद्याचं ओझं धरलं तरी १०० केबीपीएसच्या आत भागतं, म्हणजे स्पीड हा मुद्दाच नाही. मुद्दा अपलोडचा आणि रांगेचा आहे, फोटोंचा बॅकअप किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वर चढत असेल तर आवाजाची पाकिटं मागे अडकतात. बॅकअप थांबवून कॉल करून बघा. फरक पडला तर राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणाचा डेटा आधी जायचा ते ठरवणारी सेटिंग) बूस्टरला वरचा नंबर द्या, आणि अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या अपलोडपेक्षा थोडी खाली ठेवा.

कस्टमर केअरला "बूस्टर चालत नाही" एवढंच सांगणं

एवढं सगळं करूनही अडलं तर फोन करावाच लागेल, पण वाक्य वेगळं हवं. ब्रॉडबँडवाल्यांना बूस्टर हा शब्दच काढू नका, ते लगेच मोबाइल कंपनीकडे ढकलतात. सांगा की यूडीपी ५००, ४५०० आणि १२३ बाहेर जाताना अडतायत का बघा, वाय-फाय कॉलिंग पण लागत नाहीये, आणि माझा एमटीयू एवढा येतोय. १२३ चं मुद्दाम विचारा, टाइम सर्व्हरचा वापर करून हल्ले होतात म्हणून काही नेटवर्कवर ते फिल्टर केलेलं असतं. पब्लिक आयपी घ्या असा सल्ला मिळेल, त्याचे वेगळे पैसे असतील तर आधी बाकीचं तपासून घ्या. मोबाइल कंपनीला डब्याचा सीरियल नंबर, कुठला लाइट कसा लुकलुकतोय, किती तासांपासून, आणि नवीन पब्लिक आयपी एवढं द्या आणि विचारा की तुमच्या बाजूला हा डबा शेवटचा कधी दिसला. तो त्यांना दिसतच नसेल तर अडचण रस्त्यात आहे, दिसतोय पण चालू होत नसेल तर रजिस्ट्रेशन किंवा घड्याळ, आणि ते तिथून बघू शकतात.