थंडीच्या ट्रेकची सॅक आदल्या रात्री काट्यावर ठेवा

डिसेंबरात अंतूर किल्ल्याकडे किंवा गौताळ्याच्या डोंगरात मुक्कामी निघायचं असेल, तर भरलेली सॅक आदल्या दिवशीच वजन करून बघा. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. म्हणजे ६० किलोच्या माणसाला फार तर १२ किलो.

वजन चढतं ते पांघरुणापायी. घरची वाकळ उबदार खरी, पण सॅकमध्ये निम्मी जागा तीच खाते. त्याऐवजी हलकी स्लीपिंग बॅग घ्या आणि खाली फोमची मॅट अंथरा. मॅट विसरू नकाच; पहाटे थंडी जमिनीतूनच पाठीत शिरते. अंगावरचा सुती बनियन दिवसभराच्या घामाने ओला असतो, तोच घालून झोपलात तर रात्रभर कुडकुडाल. म्हणून एक कोरडा जोड आणि लोकरी मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. ही पिशवी फक्त झोपताना उघडायची.

पाण्यात मात्र काटकसर नको. ३ लिटर म्हणजे ३ किलो, हे कबूल. पण आपल्याकडे थंडीतही दुपारचं ऊन चटका देतं. स्टीलचे डबे घरी ठेवा, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कागदात गुंडाळा.

स्लीपिंग बॅग तळाशी, पाणी पाठीला चिकटून मधोमध, कानटोपी वर. कमरेचा पट्टा आधी आवळा, मग खांद्याचे. भार कमरेवर बसला की चढ सोसतो.