‘हाय प्रोटीन’ लिवून द्या नं भाऊ! लेबलवर पोषणाचा दावा कसा करावा

आमच्या तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत पत्रिका, निवडणुकीत फ्लेक्स आणि दिवाळीच्या दोन महिने आधीपासून बचतगटांची लेबलं. जवसाची चटणी, ज्वारीचे लाडू, मुगाच्या वड्या, सांडगे, तिखट. ताया वहीचं फाडलेलं पान घेऊन येतात. त्यावर मालाचं नाव, वजन, किंमत आणि शेवटी हमखास एक ओळ: “हाय प्रोटीन, शुगर फ्री, हार्टसाठी चांगलं. हे जरा मोठ्या अक्षरात लिवून द्या नं भाऊ.”

पूर्वी मी लिहून द्यायचो. एकदा गुळाच्या लाडवांवर ‘शुगर फ्री’ टाकून हजार स्टिकर छापले. प्रदर्शनाला निघायच्या आदल्या संध्याकाळी गटातल्या एका ताईंची मुलगी दुकानात आली. नागपूरला शिकणारी पोरगी. स्टिकर हातात घेऊन म्हणाली, “काका, गूळ म्हणजे काय वाटते तुम्हाले?” हजारच्या हजार स्टिकर बाद. निम्मे पैसे मी सोसले, निम्मे गटाने. त्यानंतर नियम वाचायला बसलो. जे समजलं ते इथे क्रमाने मांडतो.

आधी दावा कशाला म्हणतात ते बघा

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्याखाली एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, जाहिरात आणि दाव्यांचे वेगळे नियम २०१८ साली केले, ते १ जुलै २०१९ पासून लागू आहेत. मालात एखादा पोषक घटक जास्त आहे, कमी आहे किंवा नाहीच, असं शब्दाने किंवा चित्राने सुचवलं की तो दावा झाला. इंग्रजीत लिहिलं तरच दावा होतो, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. ‘प्रथिनांनी भरपूर’, ‘लोहयुक्त’, ‘तेल कमी’, ‘साखरमुक्त’ हे सगळे दावेच. फ्लेक्सवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या जाहिरातीत किंवा स्टॉलच्या पाटीवर लिहिलं तरी सुटका नाही.

घटकांच्या यादीत ‘शेंगदाणे’ लिहिणं मात्र दावा नाही. पोषणमूल्यांच्या तक्त्यात प्रथिनांचा आकडा देणं हाही दावा नाही. ‘भरपूर’ हा शब्द आला की नियम मागे लागतात, कारण त्या शब्दामागे ठरलेला आकडा आहे.

वहीत मापं उतरवा, ग्रॅममध्ये

इथेच बहुतेकांची गाडी अडते. “दोन पायल्या ज्वारी, गूळ अंदाजाने, दाणे ओंजळ-दीड ओंजळ.” घरच्या लाडवाला हे चालते. लेबलवर आकडा टाकायचा असेल तर प्रत्येक घाण्याचं माप सारखं पाहिजे. वजनकाटा घ्या, एक किलो लाडवांचं माप कागदावर उतरवा आणि तो कागद भिंतीला चिकटवा. ज्या ताई करतील त्यांनी त्याच मापाने करायचं.

आमच्या गटाचं माप असं होतं: ज्वारीचं पीठ ४०० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम, शेंगदाणे २०० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम.

मग १०० ग्रॅमचा हिशेब करा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम आणि शेंगदाण्यात २३-२४ ग्रॅम दिली आहेत. म्हणजे ४०० ग्रॅम पिठातून ४० आणि २०० ग्रॅम दाण्यांतून ४७. तुपात प्रथिनं नाहीत, गुळात नावाला. किलोभर लाडवांत ८७ ग्रॅम, १०० ग्रॅममध्ये ८.७.

आता नियम बघा. दिवसाला किती प्रथिनं खावीत याची सरकारी शिफारस असते; घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये त्या शिफारशीच्या १० टक्के प्रथिनं असली तर ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणता येतं. ‘भरपूर’ किंवा ‘हाय’ म्हणायला २० टक्के लागतात. ६५ किलोच्या प्रौढ पुरुषासाठी २०२० ची शिफारस दिवसाला ५४ ग्रॅमची आहे. म्हणजे ५.४ ग्रॅमला ‘स्रोत’, १०.८ ग्रॅमला ‘हाय’. आमचे लाडू ८.७ वर. ‘हाय प्रोटीन’ बसत नाही, ‘प्रथिनांचा स्रोत’ आरामात बसते. ताईंचा चेहरा जरा उतरला, पण मला विचाराल तर मराठीत ‘स्रोत’ शब्द जास्त भारदस्त दिसतो.

तंतुमयाची गंमत वेगळी. त्याला ‘फायबर’ म्हटलं की सगळ्यांना लगेच समजते. १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम असेल तर ‘स्रोत’, ६ ग्रॅम असेल तर ‘भरपूर’. ज्वारी आणि दाणे दोन्हींत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम तंतुमय असते. हिशेब केला तर लाडवात ६ च्या जरासं वर येते. वहीवर पास! पण पीठ कुठल्या चाळणीने चाळता? बारीक चाळणीत कोंडा राहिला की आकडा ६ च्या खाली. असा काठावरचा आकडा वहीच्या भरवशावर लेबलवर टाकू नका. एक तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या, नाही तर ‘स्रोत’ लिहून मोकळे व्हा. आम्ही दुसरं केलं.

जीवनसत्त्वं आणि खनिजांना पट्टी वेगळी: १०० ग्रॅममध्ये शिफारशीच्या १५ टक्के असेल तर स्रोत, ३० टक्के असेल तर भरपूर. कॅल्शियमची शिफारस दिवसाला १००० मिलिग्रॅम, म्हणजे १५० आणि ३००. लोहाचा आकडा तर तपासल्याशिवाय लिहूच नका.

‘कमी’ आणि ‘मुक्त’ हे शब्द फार महाग आहेत

घन पदार्थात १०० ग्रॅमला साखर ५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर ‘साखर कमी’. अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच ‘साखरमुक्त’. आमच्या लाडवात १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम गूळ, आणि गूळ म्हणजे बहुतांश साखरच. उसाचा रस आटवला, चव आणि रंग राखला, थोडी खनिजं राहिली, पण साखर जात नाही. त्या पोरीचा प्रश्न हाच होता.

मग पुढचा प्रश्न येतो: “भाऊ, साखर टाकलीच नाही नं, मग ‘साखर न घातलेले’ तरी लिवा!” तेही नाही. त्या दाव्यासाठी गूळ, मध, काकवी, ग्लुकोज यांपैकी काहीच घातलेलं नसावं. साखरेच्या जागी गोडीसाठी वापरलेला खजुराचा गोळा किंवा फळांचा घट्ट रसही चालत नाही. गुळाच्या लाडवावर ‘गुळाचे लाडू’ लिहा. खरं आहे, आणि गिऱ्हाईक तेच शोधत येते.

चरबीचा नियमही असाच: १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपर्यंत असेल तर ‘कमी’, अर्ध्या ग्रॅमपर्यंत असेल तर ‘मुक्त’. तूप आणि दाणे घातलेल्या पदार्थाने त्या वाटेला जाऊ नये.

मिठाचा हिशेब चटणी-पापडवाल्यांनी नीट वाचा. ‘सोडियम कमी’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये सोडियम १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एक ग्रॅम मिठात जवळपास ३९० मिलिग्रॅम सोडियम असते. म्हणजे १०० ग्रॅम चटणीत मीठ जेमतेम ०.३ ग्रॅम, एक चिमूट. अशी जवसाची चटणी आपल्या भागात कोणी दुसऱ्यांदा घेईल का?

गिरणीचा प्रश्न

ज्वारीच्या मालावर हल्ली ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायची हौस आली आहे. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन. ज्वारीत ते नसते, हे खरं. पण नियमाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. आता आपली पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. सकाळी कोणाचे तरी पायलीभर गहू दळले, गिरणीवाल्याने डब्यावर दोन थापट्या मारल्या आणि लगेच तुमची ज्वारी ओतली. पहिल्या चार-पाच वाट्या पिठात गहू आलाच. सीलिएक म्हणजे ग्लुटेन बाधण्याचा आजार; त्याच्या रोग्याला तेवढंही बाधते. वेगळी चक्की, वेगळी चाळणी, वेगळी परात आणि तपासणीचा अहवाल नसेल तर हा शब्द लिहू नका. मी तर आता अहवाल दाखवल्याशिवाय छापतच नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

जे सगळ्यांकडेच आहे ते आपलं म्हणून सांगू नका

कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत असते. जवसात, शेंगदाण्याच्या तेलात ते मुळात नसतेच. ‘कोलेस्टेरॉलमुक्त जवस चटणी’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटते, शेजारच्या स्टॉलवरच्या चटणीत ते असावं. नियमाला हे मान्य नाही. लिहायचंच असेल तर जवस स्वभावतःच कोलेस्टेरॉलमुक्त असतो, अशा अर्थाने लिहावं.

हे शब्द वहीतच खोडा

कुठलाही आजार बरा होतो, टळतो किंवा आटोक्यात राहतो, असं अन्नाच्या लेबलवर लिहिता येत नाही. ‘शुगरवाल्यांसाठी उत्तम’, ‘बीपीवर गुणकारी’ गेलं. गडचिरोली-चंद्रपूरकडून मोहफुलांचे लाडू येतात, चवीला फार छान. एका गटाने त्यावर ‘सिकलसेलवर उपयोगी’ लिहून मागितलं होतं. आपल्याकडे या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची घरं आहेत. अशा घरातल्या आईने गोळ्या सोडून लाडू सुरू केले तर? मी हात जोडले.

‘डॉक्टरांनी शिफारस केलेले’ चालत नाही. ‘घरगुती’, ‘घरी बनवलेले’ यांसारख्या गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल अशा शब्दांनाही नियमांत मनाई आहे, आणि गटाच्या शेडमध्ये मशिनवर केलेल्या मालाला ते शोभतही नाहीत. ‘पारंपरिक’ लिहायला कृती पिढ्यानपिढ्या तशीच चालत आलेली हवी; सांडग्यांना ते शोभते, चॉकलेटच्या लाडवाला नाही. ‘१०० टक्के शुद्ध’ वगैरेबद्दल २०२५ च्या मे महिन्यात एफएसएसएआयने १०० टक्के हा शब्दप्रयोग टाळा, असं उत्पादकांना सांगितलं आहे. तुमच्या गटाच्या नावातच ‘शुद्ध’ किंवा ‘नैसर्गिक’ असेल तर हे फक्त व्यापारी नाव आहे, मालाचा गुण नव्हे, असा खुलासा लेबलवर द्यावा लागतो.

छपाईला देण्याआधी

दावा केला तर त्या घटकाचा आकडा पोषणमूल्यांच्या तक्त्यात आलाच पाहिजे, १०० ग्रॅमच्या हिशेबाने. तपासणी एफएसएसएआयची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करा. सगळं तपासायचं म्हटलं तर पैसे लागतात, म्हणून ज्याचा दावा करायचा तेवढंच आधी तपासून घ्या. अहवाल आणि मापाची वही एकाच फायलीत ठेवा. अन्न सुरक्षा अधिकारी आले तर पहिल्यांदा हीच फाईल मागतील.

भाषेचा एक मुद्दा हमखास सुटतो. आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी सोबत जरूर टाका, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, बॅच नंबर, तारखा हे तर हवंच.

चुकीच्या लेबलच्या मालाला ३ लाखांपर्यंत दंड आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत. गटाची वर्षाची उलाढाल त्यात बुडते.

त्या हजार स्टिकरच्या कोऱ्या मागच्या बाजूला माझी नात अजून चित्रं काढते. नव्या लेबलवर आम्ही शेवटी एवढंच लिहिलं: ‘ज्वारी-शेंगदाणा लाडू. गूळ घालून केलेले. प्रथिने आणि तंतुमयाचा स्रोत.’ खाली तक्ता. ताईंनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “अक्षरं तरी मोठी करा नं भाऊ.” ती केली.