ख्रिस्ताच्या जोडीला 'आणखी काही' नको: मंडळीत या चुका टाळा

यवतमाळकडच्या आमच्या गावांतल्या घरगुती प्रार्थनांत खोटी शिकवण ख्रिस्ताला नाकारत येत नाही. त्याचंच नाव घेत येते आणि हळूच शेजारी दुसरं काही आणून ठेवते. पहिल्या शतकात कलस्सै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतही तेच झालं. तिथं पौलाचा सहकारी एपफ्रास याने सुवार्ता सांगितली होती. मागाहून सण, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस पाळणं, खाण्यापिण्याचे नियम, देवदूतांची उपासना असं एकेक शिरू लागलं, म्हणून प्रेषित पौलाने त्यांना पत्र लिहिलं. तेच बायबलमधलं 'कलस्सै'.

सगळ्यात घातक चूक म्हणजे विकतचं तेल. ऐन बोंडअळीच्या दिवसांत एक फिरता प्रचारक आला. म्हणे, हे अभिषेकाचं तेल वावराच्या चारही धुऱ्यांवर शिंपडा. एका विधवा बाईनं फवारणीसाठी ठेवलेले पैसे त्याला दिले. पऱ्हाटी हातची गेली. फोन केला तर तो म्हणाला, "बाई, तुमचाच विश्वास कमी पडला." आपलंच पाप नडलं, असं धरून ती कितीतरी दिवस उपासनेला आली नाही. मला याचा आजही संताप येतो. याकोब 5:14 मध्ये तेल आहे, पण ते आजाऱ्याला वडीलजनांनी प्रभूच्या नावाने लावायचं आहे. तिथं किंमत नाही, वावर नाही. आता असा कोणी आला की मी त्याच्यासमोरच कलस्सै 2:9-10 मोठ्यानं वाचायला लावतो: देवपणाची सारी पूर्णता ख्रिस्तात, आणि त्याच्यात आपण पूर्ण. मग विचारतो, बाटलीत काय उरलं?

दुसरी चूक, व्हॉट्सॲपवरचं तुटकं वचन. कलस्सै 1:15 मध्ये ख्रिस्ताला सर्व उत्पत्तीत 'ज्येष्ठ' म्हटलंय, तेवढंच दाखवून पोरं सांगतात की ख्रिस्तही निर्माण झालेलाच. चौथ्या शतकातला अरियस नावाचा पाळकही त्याला निर्मितीच म्हणायचा, इ. स. 325 मध्ये निकिया इथं भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं ते फेटाळलं. अरे, पुढच्या दोन ओळी तर वाचा! सर्व काही त्याच्याद्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झालं, तो सर्वांच्या आधीचा आहे. मोबाईल ठेवा, छापील बायबल उघडा, अख्खा अध्याय वाचा. चारच अध्यायांचं पत्र आहे, कापूस वेचून आल्यावरही एका बैठकीत होतं.

स्वप्न, दर्शन सांगणाऱ्याला आधी कलस्सै 2:18 वाचायला द्या; दर्शनांच्या बळावर फुगणाऱ्यांपासून तिथं सावध केलंय.

उपासाचे दिवस मोजून दुसऱ्याचा विश्वास जोखू नका.

आणि काल बाप्तिस्मा घेतलेल्याला आज मंडळीचा पुढारी करू नका. बायबलमध्ये 1 तीमथ्य 3:6 ची ती स्पष्ट मनाई आहे. नव्या भावाला घाई असतेच. त्याला आधी एखाद्या जुन्या विश्वासणाऱ्याशेजारी बसवा, कलस्सै वाचू द्या, प्रश्न विचारू द्या. माईक नंतर.