प्लेटलेट घसरलेल्या कुत्र्याचं औषध सुरू करण्याआधीची तयारी

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. आधी त्यांचा आकडा खरा आहे का ते बघा. रक्त हळूहळू, अडखळत काढलं तर प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. त्यामुळे स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली पाहायला सांगा. १०० पट मोठं दाखवणाऱ्या ऑइल लेन्सखाली एका फील्डमधली एक प्लेटलेट म्हणजे मायक्रोलिटरमागे साधारण १५,००० असा हिशोब असतो. ग्रेहाउंडचा आकडा मुळातच कमी असतो, हेही विसरू नका.

गोचीड तापानेही प्लेटलेट घसरतात, त्याच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने पहिल्या गोळीच्या आधी काढून ठेवा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक पोटात गेल्यावर पीसीआर (रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली, तर तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. रक्त मानेतून न घेता पायाच्या शिरेतून घ्यावं. नंतर त्या जागी कापूस घड्याळ लावून पाच मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघितलंत की पुन्हा पहिल्यापासून. स्नायूत टोचायची इंजेक्शनं शक्यतो टाळायला सांगा, आत रक्त साकळतं.

वजन त्याच दिवशी करा, अंदाजाने नको, कारण सगळे डोस किलोवर चालतात. एर्लिकिया या गोचीड तापाच्या जंतूसाठी डॉक्सिसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मिग्रॅ, २८ दिवस. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १०० मिग्रॅच्या २८ गोळ्या, त्या एकदमच आणा. आठवड्यात कुत्रा उड्या मारू लागतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात पडून राहतात, ही नेहमीची चूक. गोळी जेवणाबरोबर द्या, दूध-दह्यात घोळून देऊ नका आणि वर पाणी पाजा. अन्ननलिकेत अडकली तर ती तिथे जखम करते.

शरीरच स्वतःच्या प्लेटलेट मारत असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागतं, सुरुवातीला सहसा दिवसाला किलोमागे २ मिग्रॅ. मोठ्या कुत्र्यांना या हिशोबाने डोस जास्त होतो, तेव्हा डॉक्टर तो कमी धरतात. तहान, भूक, लघवी तिन्ही वाढणार, म्हणून पाण्याचं भांडं मोठं ठेवा आणि रात्री एकदा बाहेर न्यायची तयारी ठेवा. घरातलं मेलॉक्सिकॅम किंवा ॲस्पिरिनसारखं वेदनाशामक मात्र अजिबात नको. स्टेरॉइडबरोबर दिल्यास पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो. आधी दिलेलं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. लसीची तारीख जवळ आली असेल तर तीही विचारून पुढे ढकला.

आकडा फारच खाली असेल तर व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाचा एक डोस प्लेटलेट वाढवायला शिरेतून देतात. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं, म्हणून सुई बसून औषध पूर्ण आत जाईपर्यंत कुत्र्याला घट्ट धरणारा माणूस बरोबर न्या.

घरी रोज उजेडात हिरड्या, पोट आणि कानाची आतली बाजू बघा. लाल ठिपका बोटाने दाबून पाहा. फिका पडला नाही तर ते कातडीखालचं रक्त. जागा आणि तारीख वहीत लिहा. आकडा ५०,०००च्या खाली असेल तर धावणं, झटापट आणि चावायची कडक खेळणी बंद. शी डांबरासारखी काळी झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त थांबेना, तर सकाळची वाट न बघता निघा.

स्टेरॉइडने आकडा चढायला साधारण आठवडा लागतो. चढला तरी गोळी एकदम तोडू नका. डोस दर दोन-तीन आठवड्यांनी सुमारे चौथा हिस्सा उतरवतात, आणि प्रत्येक उतरवणीआधी रक्त तपासायचं असतं, तेव्हा त्या तारखा आजच लिहून घ्या.