बोलक्या रेडिओत काम करायचंय? आधी अंतर ओळखा

रेडिओवर किंवा श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात, काम करू इच्छिणारे बहुतेक नवखे पहिला प्रश्न आवाजाबद्दल विचारतात. माझा आवाज चालेल का? खर्ज कमी पडतो का? इतकी वर्षं या क्षेत्रात काढल्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी एक अख्खा दिवस रेडिओ ऐका. गाणी नव्हे, बोलणं. सकाळच्या बातम्या, मुलाखत, विज्ञानावरची चर्चा, कथेचं अभिवाचन, दुपारची श्रुतिका, रात्रीचं रूपक (निवेदन, संवाद आणि ध्वनी गुंफून एखादा विषय मांडणारा कार्यक्रम), सगळं ओळीने. प्रत्येक कार्यक्रमापुढे वहीत फक्त एवढंच लिहा: बोलणारा माझ्यापासून किती लांब आहे?

बातम्या वाचणारा टेबलापलीकडे बसलेला वाटतो. कथा वाचणारा उशाशी येतो. चर्चेतले पाहुणे एकमेकांशी बोलतात आणि आपण त्याच खोलीत एका कोपऱ्यात असतो. हे अंतर ज्याला कळलं त्याला आवाजाची पट्टी सापडायला वेळ लागत नाही. अगदी साध्या आवाजाची माणसं या एका जाणिवेवर उत्तम काम करताना मी पाहिली आहेत.

श्रुतिकेत तर हे अंतर पावलांनी मोजावं लागतं. पात्राचं स्वगत माइकच्या अगदी जवळून, जवळजवळ श्वासात. समोरासमोरचा संवाद हातभर अंतरावरून. दारातून हाक मारायची तर दोन पावलं मागे जाऊन तोंड थोडं वळवायचं, आणि पात्र खोलीत येत असेल तर बोलत बोलत माइककडे चालत यायचं. प, फ, भ ही अक्षरं माइकवर फुटतात, म्हणून किंचित तिरकं बोलायची सवय लावा. संहितेची पिन काढून पानं सुटी करा. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, आवाज न करता बाजूला घ्यायचं. बांगड्या, किल्ल्या, कडक इस्त्रीचे सळसळणारे कपडे स्टुडिओबाहेर.

लिहिणाऱ्यांनी एक जुनी गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी. १५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूज यांचं ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ प्रसारित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांपैकी हे एक. ते घडतं कोळशाच्या खाणीत, दिवे गेलेले असताना. पात्रांनाही दिसत नाही आणि श्रोत्यालाही! माध्यमाची मर्यादा थेट कथानकातच घेतली, हे मला आजही विलक्षण वाटतं. आपल्याला दर वेळी खाण मिळणार नाही, पण ‘अरे, तुझ्या हातात ही लाल पिशवी कसली?’ अशी वाक्यं नक्की टाळता येतात. आणखी एक: जे पात्र पानभर गप्प राहिलं, ते श्रोत्याच्या दृष्टीने खोलीतून निघून गेलेलं असतं. त्याला खोकायला लावा, नाहीतर कुणाला तरी त्याचं नाव घेऊ द्या.

ध्वनिपरिणाम आता तयार मिळतात. तरी कप खाली ठेवणं, कागद फाडणं असे बारीक आवाज नटासोबतच करावेत, कारण त्यांची वेळ वाक्याच्या लयीशी जुळावी लागते. नारळाच्या करवंट्यांनी घोड्याच्या टापा किंवा चुरगळलेल्या सेलोफेनने आगीचा तडतडाट स्वतः करून पाहा. कान तयार होतो.

नाटकात जायचंय म्हणून बातम्या आणि मुलाखतींकडे पाठ फिरवू नका, हे मी आग्रहाने सांगेन. १९५१पासून देशभर ऐकवली जाणारी बीबीसीची ‘द आर्चर्स’ ही मालिका सुरुवातीला शेतीची माहिती लोकांपर्यंत पोचावी या हेतूनेही आखली होती. माहिती आणि संवाद एकमेकांच्या इतके जवळ असतात. मुलाखतींचं संपादन केलेल्या माणसाला लोक वाक्य कुठे अर्धवट सोडतात, कुठे अडखळतात हे कळतं. त्याचे संवाद पुस्तकी होत नाहीत. संपादन करताना सगळे श्वास मात्र कापू नका. आणि ध्वनिमुद्रण संपलं की लगेच उठू नका. त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट टिपून ठेवा, जोड लपवायला तीच उपयोगी पडते.

ऑडिशनसाठी नमुना पाठवताना आवाज बदलून दहा पात्रं करण्याचा मोह होतो. निर्मात्याला त्याचा फारसा उपयोग नसतो. तुमच्या नेहमीच्या आवाजात एक बातमी, एक कथेचा उतारा आणि एक स्वगत, तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवरून, एवढं पुरे.