रेप्लिकेशनच्या सर्व्हरला कोणती नावं द्यायची, ते एकदा बसून ठरवा

मागच्या केळीच्या सीझनला रात्री साडेदहाला जळगावच्या ऑफिसातून फोन आला, "भाऊ, रिपोर्ट उघडत नाहीयेत." मी बाहेरगावी होतो, फोनवरच सांगून टाकलं, "बॅकअपवाला सर्व्हर रीस्टार्ट कर." माझ्या डोक्यात बॅकअपवाला म्हणजे धुळ्याचा, ज्याच्यावर डेटाची कॉपी सतत जाते (यालाच रेप्लिकेशन म्हणतात) आणि ज्याच्यावरून रिपोर्ट निघतात तो. त्या पोराच्या डोक्यात बॅकअपवाला म्हणजे ज्याच्यावर रात्री बॅकअप निघतो तो, म्हणजे जळगावचा मेन. त्याने मेन रीस्टार्ट केला आणि रावेरकडून आलेल्या गाड्या काट्यावर उभ्या राहिल्या, वीसेक मिनिटं एकाही गाडीच्या वजनाची एंट्री झाली नाही. पोराची काही चूक नव्हती, त्याला जो शब्द दिला त्याचा त्याने बरोबर अर्थ लावला होता.

दुसऱ्या दिवशी बसून मोजलं तर धुळ्याच्या त्या एका मशीनला आमच्याकडे पाच नावं होती. बॅकअप, स्लेव्ह, सेकंडरी, स्टँडबाय आणि अकाउंटवाल्यांच्या भाषेत "धुळेवाला". तुमच्याकडेही असंच असणार, म्हणून पहिलं काम हेच करा, टीममधल्या प्रत्येकाला वेगळं विचारा की या मशीनला तू काय म्हणतो, आणि उत्तरं एका कागदावर लिहा.

त्यातून आधी "बॅकअप" हा शब्द काढा. कॉपी म्हणजे बॅकअप नाही. मेनवर कोणी चुकून टेबल डिलीट केलं तर काही क्षणात ते कॉपीवरही डिलीट होतं. मुद्दाम तास-दोन तास मागे ठेवलेला सर्व्हर सावरायला थोडा वेळ देतो, पण तोही बॅकअपची जागा घेत नाही. मालकाला "आपल्याकडे बॅकअप आहे" असं वाटत राहिलं आणि प्रत्यक्षात नुसती कॉपीच असली तर त्याच्यासारखा धोका नाही.

मग मास्टर-स्लेव्ह, म्हणजे मालक-गुलाम, हे शब्द काढा. एका नवीन मुलाला समजवताना मी मालक आणि सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) असं उदाहरण दिलं होतं, तो गप्प झाला. नंतर कळलं की त्याचे वडील सालदारकी करायचे, दर आखाजीला (अक्षय तृतीयेला) नवा करार. तेव्हापासून ते उदाहरण पण सोडलं आणि ते शब्द पण. बाहेरही हे बदललंच आहे, ड्रुपल आणि जँगो या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरनी २०१४ मध्ये, रेडिस या डेटाबेसने २०१८ मध्ये ५.० व्हर्जनपासून स्लेव्हच्या जागी रेप्लिका (म्हणजे कॉपी) घेतलं, मायएसक्यूएल या डेटाबेसने २०२० मध्ये सोर्स आणि रेप्लिका ठरवलं.

आता घ्यायचं काय? इथे घाई करू नका कारण प्रत्येक डेटाबेसचे शब्द वेगळे आहेत. पोस्टग्रेस प्रायमरी आणि स्टँडबाय म्हणतं, मोंगो प्रायमरी आणि सेकंडरी, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर प्रायमरी स्वतःही एक रेप्लिकाच मोजली जाते. मायएसक्यूएलचा "सोर्स" नीट समजून घ्या. समजा जळगावहून डेटा धुळ्याला जातो आणि धुळ्याहून पुढे नंदुरबारला, तर धुळं हे जळगावचं रेप्लिका आणि नंदुरबारचं सोर्स, दोन्ही एकाच वेळी. म्हणजे सोर्स हे नातं आहे, "कोणाचा सोर्स" हे सांगितल्याशिवाय ते अर्धवट. पण अॅपच्या एंट्री जिथे लिहिल्या जातात तो सर्व्हर एकच, त्याला प्रायमरी म्हणा. आमच्याकडे शेवटी असं ठरलं: लिहितो तो प्रायमरी, त्याच्याकडून थेट किंवा दुसऱ्यामार्फत घेतात ते सगळे रेप्लिका, आणि प्रायमरी बसला तर जो जागा घेणार म्हणून तयार ठेवलाय फक्त तोच स्टँडबाय. सेकंडरी हा शब्द मोंगोच्या बाहेर कोणी वापरायचा नाही.

कोणीतरी मराठीत "मूळ" आणि "नक्कल" सुचवलं होतं. मूळ चांगला आहे, पण नक्कल म्हटलं की तलाठ्याकडची नक्कल आठवते नाहीतर खोटा माल, म्हणून बोलण्यातही प्रायमरी-रेप्लिकाच ठेवलं.

सगळ्यात महत्त्वाचं, मशीनच्या नावात भूमिका घालू नका. "जळगाव-प्रायमरी" असं होस्टनेम (मशीनचं नेटवर्कवरचं नाव) दिलं आणि एका रात्री फेलओव्हर झाला, म्हणजे प्रायमरी बसून दुसऱ्याने त्याची जागा घेतली, तर धुळ्याचा सर्व्हर प्रायमरी होतो आणि "जळगाव-प्रायमरी" नावाचं मशीन रेप्लिका बनून बसतं, मग नाव वाचून काम करणारा माणूस फसणारच. मशीनला साधं डीबी१, डीबी२, डीबी३ द्या. भूमिकेसाठी वेगळं डीएनएस नाव (जे हव्या त्या मशीनकडे वळवता येतं) ठेवा, अॅप त्यालाच जोडा, फेलओव्हर झाला की ते नाव नव्या मशीनकडे वळवा. आणि काही बंद-चालू करायच्या आधी त्या मशीनलाच विचारायची सवय लावा, पोस्टग्रेसमध्ये पीजी_इज_इन_रिकव्हरी हे फंक्शन चालवलं आणि ट्रू आलं तर तो प्रायमरी नाही, पोस्टग्रेसच्या भाषेत स्टँडबाय आहे.

जुनी नावं बदलताना स्क्रिप्टकडे नीट बघा, इथे आमचं अजून एकदा अडलं. मायएसक्यूएल ८.०.२२ मध्ये "शो रेप्लिका स्टेटस" आलं, ८.०.२३ मध्ये "चेंज रेप्लिकेशन सोर्स टू", आणि ८.४ मध्ये जुन्या स्लेव्ह-मास्टरच्या कमांड काढूनच टाकल्या. कमांडबरोबर कॉलमही बदलला, "सेकंड्स बिहाइंड मास्टर"चं "सेकंड्स बिहाइंड सोर्स" झालं. आमची लॅग (रेप्लिका किती मागे आहे ते) तपासणारी स्क्रिप्ट जुना कॉलम शोधायची, तिला काही सापडलं नाही आणि सापडलं नाही म्हणजे शून्य असं ती धरायची, त्यामुळे रेप्लिका कितीही मागे असली तरी स्क्रीनवर सगळं हिरवंच. म्हणून आकडा मिळाला नाही तर अलार्म वाजलाच पाहिजे, हे आधी करा, शब्द नंतर बदला. आणि रेडिस असेल तर त्याच्या इन्फो कमांडच्या आउटपुटमध्ये अजूनही मास्टर आणि स्लेव्हच छापून येतं, तिथे स्क्रिप्टमध्ये जुनाच शब्द शोधावा लागतो, फक्त तुमच्या डॅशबोर्डवर रेप्लिका दाखवा.

ठरलेले शब्द एका पानावर लिहून सर्व्हरच्या रॅकवर चिकटवा, शब्द, अर्थ आणि "हे म्हणायचं नाही" अशा तीन रकान्यांत. फोनवर बोलताना मशीनचं नाव आणि भूमिका दोन्ही म्हणायचे आणि समोरच्याने परत म्हणून दाखवायचं. आता रात्री फोन आला तर पोरगा आधी म्हणतो, "डीबी२, सध्या रेप्लिका, बरोबर ना भाऊ?" आणि मी हो म्हटल्याशिवाय तो हात लावत नाही.