गीझर उघडण्याआधीची तयारी

नळाला गार पाणी आलं की लगेच पाना शोधू नका. आधी गीझरचे दिवे बघा. पुरवठ्याचा दिवा लागतो पण तापण्याचा लागत नाही, तर संशय थर्मोस्टॅटवर (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करतो तो) किंवा कटआउटवर (पाणी फार तापलं तर वीज तोडतो तो). दोन्ही लागतात आणि अर्ध्या तासानंतरही पाणी गारच, तर बहुधा पाणी तापवणारी कॉइल तुटलीय. चालू करताच एमसीबी (बोर्डावरचा, बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर कॉइल शॉर्ट झाली असण्याची शक्यता जास्त. पाणी तापायला उशीर लागतो आणि टाकीतून तडतड आवाज येतो, तर क्षार. बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हे ठरलेलंच.

गीझरला दोष देण्याआधी मिक्सर, म्हणजे गार-गरम पाणी मिसळणारा नळ, तपासा. गीझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम नळ सोडा. क्षणभरात धार थांबायला हवी. ती जोरात चालूच राहिली तर मिक्सरमधून गार पाणी घुसतंय. गीझर बिचारा ठीक आहे, प्लंबरला बोलवा.

मग प्लग काढून बघा. दोन किलोवॉटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर खेचतो, त्याला १६ अँपिअरचा सॉकेटच हवा. पिन तपकिरी झालेल्या किंवा प्लास्टिक वितळल्याचा वास येत असेल, तर बिघाड कदाचित इथेच संपेल. अर्थिंग आहे का हेही याच वेळी बघून घ्या. नसेल तर बाकीचं काम नंतर.

वॉरंटी कार्ड शोधा. टाकीची मुदत वेगळी, कॉइलची वेगळी असते, आणि मुदतीत स्वतः झाकण उघडलंत तर कंपनी हात वर करू शकते. मुदत संपली असेल तर मॉडेलच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, कारण दुकानदार पहिलं तेच विचारतो. कॉइल घेताना नवं गॅस्केट (गळती थांबवणारी रबरी चकती) आणि टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉडही घ्या. जुना रॉड झिजून नुसती तार उरली असेल तर टाकीला गंज धरायला वेळ लागत नाही.

सामान फार नाही: मल्टिमीटर, टेस्टर, पाने, टेफ्लॉन टेप, बॅटरी, दोन बादल्या, डुगडुगत नसलेलं स्टूल. कॉइल साफ करायला व्हिनेगर किंवा लिंबूसत. हातोडीने क्षार झोडू नका. काम शनिवारी सकाळी काढा. दुपारी एखादा भाग कमी पडला तर दुकान उघडं असतं, रविवारी नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर अंघोळीचं पाणी गॅसवर आधीच तापवून घ्या.

एमसीबी खाली करा. नुसत्या स्विचवर भरवसा नको. पाणी गार होऊ द्या. गरम नळ सोडला की टाकी रिकामी होते असं अनेकांना वाटतं, पण बाहेर जाणारी नळी टाकीच्या वरच्या टोकापासून पाणी घेते, त्यामुळे सगळं पाणी आत तसंच राहतं. ते काढायला खालची गार पाण्याची जोडणी सैल करावी लागते. पंधरा लिटर येणार, म्हणून दोन बादल्या. वायरी सोडवण्याआधी फोटो काढा.

मल्टिमीटरवर २३० व्होल्टची दोन किलोवॉटची चांगली कॉइल २६ ओहमच्या आसपास दाखवते. काटा हललाच नाही तर कॉइल बदला. कटआउटचं लाल बटण एकदा दाबून बघा. पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅट अडकलाय, बटणाशी खेळत बसू नका. आणि कुणी कारागीर ‘कटआउट काढून डायरेक्ट करून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. थर्मोस्टॅट अडकला की तापणारं पाणी थांबवणारी तेवढीच एक वस्तू असते.

जोडून झाल्यावर आधी कॉक उघडा, गरम नळातून हवा निघून सलग धार येऊ द्या, मगच एमसीबी वर. कोरड्या टाकीत नवी कॉइल लगेच जळते. पंधरा लिटर पाणी पंचवीसवरून साठ अंशांवर जायला साधारण वीस मिनिटं लागतात. तोवर गॅस्केटपाशी थेंब दिसतो का, ते कोरड्या कागदाने पुसून बघत राहा.